दैव, प्रमाद आणि रस्त्यावरचे मृत्यू

वाहनाच्या धडकेत माणूस दगावतो तेव्हा त्या मृत्यूचे कारण कोठे शोधायचे, हा प्रश्न वाहतूकशास्त्राचा आहे तसाच धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचाही आहे. मरणाऱ्याचे आयुष्यच तेवढे होते असे मानायचे, की कोणाच्या तरी चुकीने ते अकाली संपले असे म्हणायचे? चूक असेल तर ती एकट्या चालकाची, की वाहनमालक, रस्ता बांधणारा, त्याची देखभाल करणारा आणि जखमीला पाहून पुढे निघून जाणारा यांचीही? उत्तर काय दिले जाते यावर फार मोठ्या गोष्टी अवलंबून असतात, कारण जे अटळ मानले जाते ते टाळण्यासाठी समाज ना पैसा खर्च करतो, ना श्रम.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज सुमारे ४६०. त्यांतील सुमारे १५ हजार मृत्यू महाराष्ट्रातले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर ११ लाख ९० हजार माणसांचा जीव गेला. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण हेच आहे. जखमी होऊन जे वाचतात, त्यांपैकी अनेकांना पाय, दृष्टी किंवा स्मृती गमावून उरलेले आयुष्य काढावे लागते.

आयुष्य ठरलेले असते का?

मराठी घरांत अपघाताची बातमी आली की ठरलेली वाक्ये कानी पडतात. ‘दोर तुटला’, ‘वेळ भरली होती’, आणि कोणी बचावला तर ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’. शोकात बुडालेल्यांना या शब्दांचा आधार वाटतो. झालेले आता बदलता येणार नाही, हे स्वीकारायला ते मदत करतात आणि त्या जागी ते योग्यही आहेत. अडचण सुरू होते ती हे सांत्वन सिद्धांत बनते तेव्हा. मागे वळून पाहताना ‘होणारे होते’ असे म्हणणे वेगळे, आणि पुढे पाहताना ‘होणारे होईल’ म्हणून हात जोडून बसणे वेगळे. भारतीय परंपरेने या दुसऱ्या भूमिकेचा वारंवार प्रतिवाद केला आहे.

या बाबतीत चरकसंहितेतील चर्चा सर्वांत नेमकी आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आत्रेयांना विचारतो की माणसाचे आयुष्य ठरलेले असते की नसते. आत्रेय सांगतात की दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते. सगळेच ठरलेले असते तर औषधोपचाराला अर्थ उरला नसता, आणि उधळलेल्या जनावरांपासून किंवा उंच कड्यांपासून दूर राहण्याचेही कारण नव्हते. पुढे काळमृत्यू आणि अकाळमृत्यू यांतला फरक समजावताना ते दृष्टांत देतात तो गाडीच्या आसाचा. चांगल्या लाकडाचा, नीट वापरलेला आस आपले पूर्ण आयुष्य संपवूनच झिजतो. पण गाडीत फाजील भार घातला, रस्ता उंचसखल असला, वाट सोडून गाडी हाकली, चाक मोडले, ओढणाऱ्या जनावरात किंवा हाकणाऱ्यात दोष असला, चाकाची खीळ निसटली किंवा वंगण मिळाले नाही, तर तोच आस मध्येच मोडतो. अकाळमृत्यूची ही कारणे आजच्या अपघात-तपासणीच्या अहवालात जशीच्या तशी बसतात. जादा माल, खराब रस्ता, मार्ग सोडणे, वाहनातील बिघाड, चालकाचा दोष आणि देखभालीतील हयगय ही सहा कारणे त्यात आहेत, आणि सहाही माणसाच्या हातातली आहेत.

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की दैव श्रेष्ठ की पुरुषकार. उत्तरात दैवाला बीज आणि पुरुषकाराला शेत म्हटले आहे. शेतावाचून बीज वाया जाते, तसे प्रयत्नावाचून दैव फळत नाही. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ याही पुढे जातात. पूर्वी केलेल्या प्रयत्नाहून वेगळे असे दैव नाहीच, आणि आजचा प्रयत्न बलवान असेल तर तो कालच्या प्रयत्नावर मात करतो, असे ते रामाला सांगतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत दैव पाचवे आहे. अधिष्ठान, कर्ता, साधने आणि निरनिराळे व्यापार ही चार त्याच्या आधी येतात. रस्त्याच्या संदर्भात अधिष्ठान म्हणजे रस्ता, कर्ता म्हणजे चालक आणि साधन म्हणजे वाहन असे धरले, तर पहिल्या चार कारणांची झडती घेतल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवता येत नाही. महाराष्ट्रात समर्थ रामदासांनी प्रयत्नाला जे स्थान दिले, तेही याच विचारपरंपरेतले आहे.

दैववादाला वस्तुस्थितीचाही आधार मिळत नाही. महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात घडले किंवा दहा माणसे मेली, तर भारतात त्या पट्ट्याला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. प्रत्येक मृत्यू ज्याच्या त्याच्या प्रारब्धाने येत असता, तर वेगवेगळ्या गावांतून आलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचे प्रारब्ध एकाच वळणावर, एकाच उतारावर, एकाच दिवा नसलेल्या चौकात का गाठ घालते, हे सांगता आले नसते. वळणाचा बाक सुधारला, दुभाजक घातला, दिवे लावले की तेथले मृत्यू कमी होतात. मग ते मृत्यू त्या वळणाचे होते, ललाटरेषेचे नव्हते, एवढे मान्य करावे लागते.

मरणाऱ्याचे प्रारब्ध आणि मारणाऱ्याचा दोष

दैवावरचा विश्वास पूर्ण टिकवूनही प्रतिबंधाची जबाबदारी टळत नाही, हा विचार इतर धर्मांतही स्पष्टपणे मांडलेला आहे. नवे घर बांधताना गच्चीला कठडा घालावा, नाहीतर तेथून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष घराला लागेल, अशी आज्ञा ज्यू धर्मग्रंथातील अनुवाद या ग्रंथाच्या २२व्या अध्यायात आहे. या आज्ञेवरच्या तालमूदमधील चर्चेत दैववादाला थेट उत्तर मिळते. पडणाऱ्याचे पडणे सृष्टीच्या आरंभापासून ठरलेले असेलही, तरी ते तुझ्या कठडा नसलेल्या गच्चीवरून घडू नये, असा तिचा आशय आहे. घाटातला कठडा, पुलाचा कठडा आणि महामार्गाचा दुभाजक यांना हाच न्याय लागू पडतो. मरणाऱ्याच्या नशिबाचा हिशेब ईश्वराकडे असेल, पण कठडा न बांधणाऱ्याचा हिशेब वेगळाच राहतो.

इस्लाममध्ये तकदीर, म्हणजे ईश्वरी विधान, श्रद्धेचा भाग आहे. तरीही तिर्मिझींच्या संग्रहातील एका प्रसिद्ध हदीसप्रमाणे उंट मोकळा सोडून ईश्वरावर भरवसा ठेवावा का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव असे सांगितले. खलिफा उमर सीरियाच्या वाटेवर असताना पुढे प्लेगची साथ असल्याचे कळताच मागे फिरले. ईश्वराच्या विधानापासून पळता काय, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर होते की आम्ही त्याच्या एका विधानाकडून दुसऱ्या विधानाकडे जात आहोत. श्रद्धेच्या सत्तराहून अधिक शाखा सांगणाऱ्या हदीसमध्ये वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हीही श्रद्धेची एक शाखा मानली आहे. उमर यांच्याच नावे सांगितल्या जाणाऱ्या एका वचनात, इराकात एखादे जनावर अडखळले तरी त्याच्यासाठी रस्ता नीट का केला नाहीस याचा जाब आपल्याला द्यावा लागेल, अशी भीती व्यक्त झाली आहे. राज्यकर्त्याची जबाबदारी यात रस्त्याच्या पृष्ठभागापर्यंत उतरली आहे.

कर्मसिद्धान्ताची बाजूही याहून वेगळी नाही. मरणाऱ्याचे पूर्वकर्म त्याच्या मृत्यूला कारण झाले असे घटकाभर मानले, तरी मारणाऱ्याचे कृत्य हे त्याचे स्वतःचे नवे कर्म असते आणि त्याचे फळ त्यालाच भोगावे लागते. तसे नसते तर खुनालाही दोष उरला नसता. दुसऱ्याच्या प्रारब्धामागे लपण्याची मुभा कर्मसिद्धान्त कोणालाही देत नाही.

प्रमाद म्हणजे हिंसा

रस्त्यावरच्या बहुतेक मृत्यूंमागे मारण्याचा हेतू नसतो. म्हणून चालकाला आणि समाजालाही ते ‘हातून घडलेले’ वाटतात. हेतू नसताना दोष कितपत, या प्रश्नावर जैन तत्त्वज्ञानाने खोल विचार केला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे. बेफिकीर वृत्तीतून घडलेला प्राणघात म्हणजे हिंसा. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात ही व्याख्या शेवटपर्यंत नेली. पूर्ण काळजी घेऊन वागणाऱ्याच्या हातून चुकून जीव गेला तरी ती हिंसा ठरत नाही, आणि बेपर्वाईने वागणाऱ्याकडून कोणी मेला नाही तरी हिंसा घडलेलीच असते. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समित्यांपैकी ईर्यासमिती ही चालण्याची शिस्त आहे. पुढची चार हात जमीन पाहत, उजेडात, रहदारीच्या वाटेने, घाई न करता चालायचे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना, पावलाखाली जीव सापडू नये म्हणून पाऊल किती हळुवार टाकावे याचे विस्ताराने वर्णन आहे, तेही येथे आठवते. अनवाणी पायाने चालणाऱ्यावर जर एवढी जबाबदारी असेल, तर टनभर वजनाचे लोखंड वेगाने पळवणाऱ्यावर ती किती पटींनी वाढते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

विसाव्या शतकातील पाश्चात्य नीतिशास्त्राने हाच प्रश्न रस्त्यावरचेच उदाहरण घेऊन चर्चिला. १९७६ मध्ये बर्नर्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी ‘नैतिक योगायोगा’ची समस्या मांडली. दोन चालक सारखेच बेफिकीर आहेत. एकासमोर कोणी येत नाही आणि तो सुखरूप घरी पोहोचतो. दुसऱ्यासमोर मूल येते आणि मरते. पहिल्याला फार तर दंड होतो, दुसऱ्याला तुरुंगवास. दोघांच्या वागण्यात फरक नसताना दोषात एवढा फरक का? अमृतचंद्रांचे उत्तर येथे सरळ लागू पडते. नैतिक दोष दोघांचा सारखाच आहे.

या उत्तराची व्यावहारिक किंमत मोठी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. मोबाइलवरचा निरोप वाचायला तीन सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात चालकाने सुमारे ५० मीटर रस्ता न पाहताच ओलांडलेला असतो. त्या ५० मीटरमध्ये शाळेतून सुटलेले मूल होते की नव्हते, हे त्याच्या हातात नव्हते. नजर रस्त्यावर ठेवणे हातात होते. ‘इतकी वर्षे गाडी चालवतो, काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच पोकळ आहे. काही न होणे हा त्याच्या सावधपणाचा पुरावा असेलच असे नाही, बऱ्याचदा तो समोरच्याच्या सावधपणाचा असतो. मृत्यू होण्याची वाट न पाहता वेग, मद्यपान आणि मोबाइल यांवर होणारी कारवाई नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरते ती याच कारणाने.

जुन्या दंडनीतीतील वाटणी

दोष कोणाकोणात वाटायचा याचा विचार प्राचीन दंडनीतीतही सापडतो. जन्माधारित विषमतेच्या समर्थनामुळे १९२७ मध्ये महाडला जिचे दहन झाले त्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाड्यांच्या अपघातांविषयी काही श्लोक आहेत. इतिहासाचा पुरावा म्हणून ते पाहण्याजोगे आहेत. वेसण तुटणे, जू मोडणे, आस किंवा चाक मोडणे, ‘बाजूला व्हा’ असा इशारा देऊनही माणूस न हटणे अशा दहा प्रसंगी दंड माफ आहे. पण हाकणारा अकुशल असल्याने गाडी वाट सोडून गेली आणि नुकसान झाले तर दंड मालकाला. हाकणारा कुशल असूनही चुकला तर दंड त्याला. आणि अकुशल माणसाच्या गाडीत जाणूनबुजून बसणारे प्रवासीही दंडाला पात्र. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कंटकशोधन अधिकरणात अशीच तरतूद आहे. गाडी हाकणारा अल्पवयीन असेल तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड, आणि लहान मुलाच्या हाती दिलेली गाडी राजाने जप्त करावी, असे तेथे म्हटले आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ हेच तत्त्व सांगते. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि बारा महिन्यांसाठी वाहनाची नोंदणी रद्द अशी शिक्षा त्यात आहे. कलम १९८अ रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा, कंत्राटदार आणि सल्लागार यांना जबाबदार धरते. दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये आहे. एका माणसाच्या जिवापुढे ती अगदीच तोकडी आहे, पण रस्ता हाही आरोपी असू शकतो हे कायद्याने मान्य केले, ही महत्त्वाची गोष्ट आहे. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृताच्या वारसांना पाच लाख आणि गंभीर जखमीला अडीच लाख रुपये भरपाई मिळू शकते. दोषाचा निवाडा होईपर्यंत दुःखिताने थांबायचे कारण नाही, हा न्यायविचार त्यामागे आहे. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूंसाठी वारसांना सहा लाख रुपये भरपाईचा आदेश देताना, सुस्थितीतले रस्ते हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

चूक होणारच, मृत्यू का व्हावा?

ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने ‘व्हिजन झिरो’ हे धोरण स्वीकारले आणि या विषयातील नीतिविचाराला नवे वळण दिले. रस्त्यावर माणसे मरणे किंवा कायमची जायबंदी होणे नैतिकदृष्ट्या कधीच स्वीकारार्ह नाही, हे त्याचे पहिले गृहीतक आहे. दुसरे गृहीतक असे की माणूस चुका करणारच. त्याचे लक्ष विचलित होते, तो दमतो, अंतराचा अंदाज चुकतो. म्हणून व्यवस्थाच अशी आखायची की चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये. वापरणाऱ्याने नियम पाळायचे आहेतच, पण तो चुकला तर अंतिम जबाबदारी व्यवस्था आखणाऱ्यांकडे जाते.

या विचाराचा पाया शरीराच्या सहनशक्तीत आहे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरने धडक बसलेला पादचारी बहुधा वाचतो, ताशी ५० किलोमीटरला त्याच्या मृत्यूची शक्यता झपाट्याने वाढते. म्हणून जेथे माणसे आणि वाहने एकत्र येतात तेथे वेग ३० वर आणायचा, समोरासमोर धडक होऊ शकते तेथे मध्ये अडथळा घालायचा, वळणांवरचे झाड, खांब, काँक्रीटचे ठोकळे यांच्यापुढे धक्का शोषणारा कठडा बसवायचा. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये पाचशेहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली होती, अलीकडच्या वर्षांत हा आकडा सव्वादोनशेच्या आसपास राहिला आहे. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे जुलै २०२५ अखेरच्या बारा महिन्यांत वाहतूक अपघातात एकही मृत्यू झाला नाही. तेथील निम्म्याहून अधिक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर आहे.

हे श्रीमंत, थोड्या लोकवस्तीच्या देशांनाच जमते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्याला उत्तर देतो. सुमारे ९४ किलोमीटरच्या या मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. त्या वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी शून्य मृत्यूचे ध्येय ठेवून काम हाती घेतले. प्रत्येक जीवघेण्या अपघाताची जागेवर जाऊन तपासणी झाली, रस्त्याकडेचे धोकादायक अडथळे हटवले किंवा झाकले गेले, कठडे बसले, वेगावर आणि मार्गिका तोडण्यावर कारवाई वाढली, तातडीच्या वैद्यकीय मदतीची घडी बसवली. २०२० पर्यंत मृत्यू ६६ वर आले. माणसे तीच, घाट तोच, पाऊस आणि धुकेही तेच. बदलले ते रस्त्याचे रूप आणि यंत्रणेची दक्षता.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. प्रत्येक जीव वाचवायला पैसा लागतो आणि पैसा अमर्याद नसतो, तेव्हा काही मृत्यू स्वीकारावेच लागतात, असा उपयुक्ततावादी हिशेब मांडला जातो. इमॅन्युएल कांटने किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला होता. जिला किंमत असते तिच्या जागी दुसरी वस्तू चालते. माणसाला प्रतिष्ठा असते, म्हणून त्याच्या जागी काहीच चालत नाही. आधी काय करायचे आणि नंतर काय, हे ठरवायला हिशेब हवाच. पण ‘इतके मृत्यू चालतील’ असे ध्येय ठरवता येत नाही. विमानप्रवासात किंवा कारखान्यात वर्षाला अमुक बळी चालतील असे कोणी म्हणत नाही. रस्त्यालाच ती सूट देण्यामागे तर्क नाही, सवय आहे.

स्वातंत्र्य आणि हेल्मेट

स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे का, हा प्रश्न हेल्मेटसक्तीच्या निमित्ताने पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात पुन्हा पुन्हा उसळतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त मांडले की इतरांना इजा होत असेल तरच व्यक्तीवर सक्ती योग्य. विरोधकांचा युक्तिवाद या तत्त्वावर उभा राहतो. पण दुचाकीस्वाराचा मृत्यू एकट्याचा नसतो. मागे मिळवत्या हाताकडे डोळे लावून बसलेले घर असते, धडक देणाऱ्याच्या मनावर आयुष्यभराचे ओझे राहते, सार्वजनिक रुग्णालयातली खाट अडते. शिवाय २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटतो असे अभ्यास सांगतात. इतक्या थोड्या गैरसोयीत इतके जीव वाचत असतील, तर सक्तीचे पारडे जड होते.

धार्मिक स्वातंत्र्याची बाजू यात एका ठिकाणी येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने पगडी बांधणाऱ्या शिखांना हेल्मेटमधून सूट दिली आहे. पगडी हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग आहे, म्हणून ही सवलत समजण्याजोगी आहे. केस विस्कटतात किंवा उकडते ही कारणे तिच्या पंक्तीत बसत नाहीत. हिंदू परंपरेत शरीर हे धर्मसाधनेचे पहिले साधन मानले गेले आहे. ते जपणे हा भित्रेपणा नाही, कर्तव्य आहे.

जखमीच्या बाजूने जाणारे

अपघात घडल्यानंतरचा वेळही प्रतिबंधाचाच भाग आहे, कारण वेळेवर उपचार मिळाले तर गंभीर जखमी वाचू शकतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोन्याची कथा रस्त्यावरच घडते. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी जखमी केलेला माणूस पडला आहे. एक याजक आणि एक लेवी त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून जातात. ज्यांना परके मानले जाई त्या शोमरोन्यांपैकी एक थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि खर्चही देतो. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर येशूंनी या कथेतून दिले.

भारतात थांबण्याची इच्छा असलेलेही फार काळ थांबत नसत, कारण पोलीस चौकशी, न्यायालयाचे हेलपाटे आणि रुग्णालयाचे बिल गळ्यात पडण्याची भीती होती. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ मध्ये त्यांना कायद्याचे बळ मिळाले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा विनारोकड उपचार देणारी योजना केंद्राने लागू केली. थांबण्यातली भीती कायद्याने काढून घेतली आहे. थांबणे मात्र माणसालाच ठरवावे लागते.

श्रद्धेचे विधी आणि त्यांची जागा

रस्ता आणि श्रद्धा यांचे नाते महाराष्ट्रात जुने आहे. खंडेनवमी आणि दसऱ्याला गाड्या धुऊन त्यांना झेंडूचे हार घातले जातात, शनिवारी लिंबू-मिरची बदलली जाते. बोरघाटात जुन्या महामार्गावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या आणि त्यातच जीव गमावणाऱ्या धनगराचे हे स्थान आहे, अशी आख्यायिका आहे. येणारे-जाणारे चालक तेथे नाणे वाहतात. या विधींत दोन अर्थ असू शकतात. एक अर्थ असा की आपल्या हातात जीव घेणारी शक्ती आहे याचे भान ठेवून नम्र व्हावे. तो शस्त्रपूजेच्या मूळ भावनेशी सुसंगत आहे. दुसरा अर्थ असा की पूजा झाली म्हणजे जबाबदारी संपली. गुळगुळीत झालेल्या टायरवर हार घालणे हा दुसरा अर्थ झाला, आणि आत्रेयांनी सांगितलेला आस अशाच गाडीत मोडतो.

व्हॅटिकनने २००७ मध्ये रस्त्यावरील आचरणासाठी मार्गदर्शक दस्तऐवज काढला आणि त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. वाहन चालवणे हे नैतिक आचरण आहे, असे एका मोठ्या धर्मसंस्थेने त्यातून अधिकृतपणे सांगितले. महाराष्ट्रातही कीर्तनातून, जुम्याच्या प्रवचनातून, विहारातून आणि चर्चमधून हे सांगितले जाऊ शकते. मद्य पिऊन गाडी चालवणे हे पाप आहे, हे वाक्य दंडाच्या पावतीपेक्षा खोल पोहोचू शकते.

या सर्व विचारधारांच्या बेरजेतून कर्तव्यांची वाटणी स्पष्ट होते. वेग, नशा, झोप आणि मोबाइल यांबाबतचा अप्रमाद हे चालकाचे कर्तव्य. अल्पवयीनाच्या हाती किल्ली न देणे आणि वाहन सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे. माणूस चुकणार हे धरून रस्ता आखणे, तो राखणे आणि प्रत्येक मृत्यूनंतर त्याचे कारण शोधून दूर करणे हे शासनाचे आणि अभियंत्यांचे. जखमीसाठी थांबणे हे वाटसरूचे. ही चारही कर्तव्ये पुरी झाल्यावर जो मृत्यू उरेल, त्याला दैव म्हणायला कोणत्याही धर्माची हरकत नाही. ती पुरी होण्याआधी दैवाचे नाव घेणे म्हणजे मृतावर दुसऱ्यांदा अन्याय करणे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत रस्त्यांवरचे मृत्यू आणि दुखापती निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले आहे. तोपर्यंत जी माणसे वाचू शकतात, ती आज जिवंत आहेत आणि याच रस्त्यांवरून रोज ये-जा करीत आहेत. त्यांना वाचवणे शक्य असताना न वाचवणे हा कोणत्याही धर्माच्या आणि कोणत्याही नीतीच्या दृष्टीने दोषच आहे.